पैज हरलेला ससा

शंकराच्या देवळात जाताना आधी नंदी, मग गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेलं कासव, मग उंबरा. हा क्रम भोरकडच्या पोरांना कुणी शिकवत नाही, आजीचं बोट धरून तो अंगात येतो. कासवावर पाय पडला तर आजी जागच्या जागी थांबवायची, वाकून हात लावायला लावायची आणि मगच पुढं सोडायची. अशाच एका श्रावणी सोमवारी सकाळी मी कासवाला नमस्कार केला आणि संध्याकाळी भोरच्या बाजारात, तासाला वीस रुपये घेणाऱ्या एका सायबर कॅफेत बसून, चाळीस-पन्नास कासवं गोळ्या घालून मारली. उपासही होता. मनाला काही लागलं नाही, कारण मी तेव्हा हिरवा ससा होतो.

तो ससा म्हणजे जॅझ जॅकरॅबिट. कपाळाला लाल पट्टी, हातात बंदूक आणि चेहऱ्यावर नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोराचा माज. पुढच्या पानांत ओळख होणार आहे ती त्याच्याच खेळाची. १९९४ साली एपिक मेगागेम्स या अमेरिकेतल्या छोट्या कंपनीनं तो काढला, १९९८ साली दुसरा भाग आला. भोरला आमच्या हाती लागला तो दुसराच, तोही बऱ्याच उशिरानं आणि अर्धवट, कुठल्याशा संगणक मासिकासोबत आलेल्या सीडीतून. ही ओळख लिहिणाऱ्यांनी प्रस्तावनेसाठी मला गाठलं, ते मी या खेळात तरबेज होतो म्हणून नव्हे. मी भोरचा, आणि हा खेळ मला अजून विसरता आलेला नाही, एवढंच त्यांना पुरलं.

गोष्ट आपल्याला अर्धी माहीत आहे. ससा आणि कासवाची पैज लागते, ससा झाडाखाली झोपतो, कासव जिंकतं. इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या त्याला दोनशे वर्षं होत आली. बापू छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ सालची. तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी ही शर्यत ऐकली असेल. शाळेत बाई ती सांगायच्या तेव्हा वर्गातल्या एखाद्या हळू पोराकडे बघून सांगायच्या, आणि ते पोरगं मान खाली घालायचं. पैज हरल्यावर ससा कोणत्या तोंडानं घरी गेला, बायकोला काय म्हणाला, हे कुणी विचारत नसे.

एपिकवाल्यांनी ते विचारलं. त्यांच्या खेळात त्या शर्यतीला तीन हजार वर्षं उलटली आहेत आणि वैर अजून चालूच आहे. बांधावरून सुरू झालेलं भावकीचं भांडण पणतवंडांपर्यंत चालतं, हे आम्हा मावळातल्या लोकांना नवं नाही. पण तीन हजार वर्षं म्हणजे दिवाणी कोर्टालाही मान खाली घालायला लावणारी मुदत झाली. डेव्हन शेल नावाचं एक हुशार आणि माथेफिरू कासव ग्रहामागून ग्रह गिळत सुटलं आहे. कॅरोटस हा सशांचा ग्रह त्याला जुमानत नाही, म्हणून ते तिथली राजकन्या ईव्हा इअरलाँग हिला पळवतं आणि कुठल्या तरी दूरच्या तळावर लपवतं. राजा तिच्या शोधाला जॅझला धाडतो. मग डायमंडस, ट्यूबलेक्ट्रिक, मेडिव्हो असे एकेक ग्रह पालथे घालायचे. हा सीतेचा शोध आहे हे आपल्या वाचकाला सांगायला नको. फरक इतकाच की शोधाला निघालेला प्राणीच इथं नायक आहे, त्याच्या वर कुणी राम नाही.

आपल्याकडचा ससा मुळात पळण्यासाठी प्रसिद्ध नाही. पंचतंत्रातला ससा सिंहाला विहिरीत त्याचंच प्रतिबिंब दाखवून मारतो, तो डोक्यानं जिंकतो. आभाळ कोसळलं म्हणून रानभर बोंबलत सुटणारा भित्रा ससा दुसरा. चंद्रावर बसलेला तिसरा, तो काहीच करत नाही. खराखुरा रानससा मात्र आमच्याकडे भातखाचरांच्या कडेला रात्री मोटारसायकलच्या उजेडात दिसतो: क्षणभर थिजतो, मग सरळ न पळता डावी-उजवीकडे वाकडा होत झाडीत शिरतो. तो बीळ करत नाही, उघड्यावर गवतात दबून राहतो; त्यामुळं त्याच्याकडे पायांशिवाय दुसरं हत्यार नाही. जॅकरॅबिट हा अमेरिकेतला ससाही याच जातकुळीतला. त्याच्या हातात बंदूक दिली ती एपिकनं.

जनावराला नायक करून त्याच्या हातात हत्यार देणं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गदा घेतलेला मारुती गावोगावच्या वेशीवर आहे. गंमत अशी की भारतात बनलेला प्लेस्टेशन २ चा पहिला खेळ त्याच्यावरच होता: ‘हनुमान: बॉय वॉरियर’, २००९ सालचा, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीचा. देवाला बटणांनी नाचवणं बरं नव्हे, असा आक्षेप अमेरिकेतून आला. आमच्या आजीला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, सांगता येत नाही. ती मारुतीला शेंदूर लावायची आणि त्याच देवळाच्या ओट्यावर पोरांना मारुतीच्या उड्या मारायलाही द्यायची.

आता हा खेळ कोणत्या जातीचा, ते सांगायला हवं. याला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. ज्यांनी टीव्हीला जोडायच्या खोक्यात पिवळी कॅसेट घालून मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळला आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. बाकीच्यांनी वेल्ह्याकडून राजगड चढल्याचं आठवावं. (तालुक्याचं नाव आता कागदोपत्री राजगड झालं आहे, एसटीत बसलेली माणसं अजून वेल्हेच म्हणतात.) गुंजवण्यातून निघायचं, चोर दरवाजाच्या आधीच्या कातळावर एक पाय इथं, एक तिथं, हाताला जे लागेल ते धरायचं, आणि दरवाजातून वाकून बाहेर आलं की एकदम पद्मावती माचीची सपाटी. तिथून बालेकिल्ल्याचा कडा. सुवेळा माचीच्या टोकाकडे कातळातलं नेढं, त्यातून आरपार दिसणारं आभाळ. संजीवनी माचीला दुहेरी तट आणि त्या दोन तटांच्या मधे उतरणारे अंधारे जिने, जे वरून चालणाऱ्याला दिसतही नाहीत. एका सपाटीवरून दुसरीवर जायचं, मधे घसरलं तर पुन्हा खालून सुरुवात, आणि जो सरळ वाटेनं जातो त्याला निम्मा गड दिसतच नाही. प्लॅटफॉर्म गेम म्हणजे नेमकं हेच, कडेनं कापून उभं धरलेलं.

सोळाव्या-सतराव्या वर्षी मला हे फार मोठं काहीतरी सुचल्यासारखं वाटलं होतं. त्याचं काय झालं ते पुढं येईल.

त्या काळी असला खेळ पीसीवर नीट चालणं हीच मोठी गोष्ट होती. सेगा, निन्टेंडो यांच्या खेळायच्या यंत्रांमधे पडदा सरकवायची सोय आतल्या चिपांतच असे. पीसी हिशोबासाठी आणि पत्रं टाइप करायला बनवलेला. ससा एक पाऊल पुढं गेला की पडद्यावरचा प्रत्येक ठिपका नव्यानं रंगवायचा, तोही सेकंदाला कित्येक वेळा. तेवढ्यात पीसी धापा टाकायला लागे. १९९० साली ‘कमांडर कीन’ या खेळात जॉन कारमॅकनं त्यावर युक्ती काढली: जेवढा भाग बदलला तेवढाच पुन्हा काढायचा. घर रंगवताना पोपडे गेले तेवढ्याच जागी हात मारावा तसं. पुढच्याच वर्षी सेगाचा सॉनिक आला, निळा, काटेरी आणि वाऱ्यासारखा पळणारा, आणि पीसीवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. त्या दुखण्यावरचा एपिकचा उतारा म्हणजे जॅझ. प्रोग्राम लिहिला आर्यन ब्रुसी या डच तरुणानं. खेळाची आखणी क्लिफ ब्लेझिन्स्की या अमेरिकन मुलाची, ज्याला तेव्हा विशीही लागली नव्हती. संगीत रॉबर्ट ॲलनचं. पहिला भाग फुकट वाटायचा, पुढचे हवे असतील तर पैसे पाठवायचे, असा एपिकचा धंदा होता. लग्नात जिलेबीचा पहिला वेढा वाढपी आग्रहानं वाढतो, तसा.

सॉनिकची नक्कल म्हणून जॅझला बरंच ऐकून घ्यावं लागलं. ते अगदी खोटं नाही. पण सॉनिकच्या हातात बंदूक नव्हती, आणि बंदूक आली की पळण्याचा हिशेब बदलतो. हे मला शिकवलं एका मुलानं.

तो हिर्डोशीकडचा होता. आमच्याच वर्गात, भोरला शिकायला यायचा आणि संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं परत जायचा. गाडीला तास-दीड तास असला की सायबरमधे येऊन मागं उभा राहायचा. त्याच्याकडे तासाचे पैसे क्वचित असत. सायबरवाले सर दयाळू. कुणाची दहा मिनिटं उरली असतील तर ते त्याला बसवायचे. आम्ही त्याला कासव म्हणायचो. कारण तो पळायचाच नाही. आम्ही शिफ्ट दाबून धरायचो, ससा तीरासारखा सुटायचा, पडद्याच्या उजव्या कडेतून एकदम कासव किंवा काटे पुढ्यात, धडक, जिवाचा एक बदाम गेला. पडदा लहान, ससा मोठा, आणि पुढचं दिसायच्या आत आपण तिथं पोचलेले. हा या खेळाचा दोष आहे असं मी आजही म्हणतो. पण तो मुलगा दोषाला वळसा घालून जायचा. दोन पावलं टाकायची, थांबायचं, अंधारात एक गोळी झाडायची, मग पुढं. प्रत्येक भिंतीवर एक गोळी. वाटेतल्या छतावर उडी मारून डोकं आपटून बघायचं. आम्ही मागून ओरडायचो, ‘अरे चल की!’ आणि अचानक एखादी भिंत फुटायची, आत गाजर, रत्नं, एखादं जादा आयुष्य. त्या भिंतीवरून आम्ही वीस वेळा पळालो होतो.

दुसऱ्या भागात खाऊ वेचायचा असतो: सफरचंदं, केळी, केकचे तुकडे. शंभर झाले की ससा साखर चढल्यासारखा बेफाम होतो आणि थोडा वेळ त्याला कुणी काही करू शकत नाही, संगीतही बदलतं. आम्ही क्वचित शंभराला पोचायचो. त्याचे नेहमी व्हायचे, कारण तो एकही केळं मागं ठेवायचा नाही. घरी ताटात शीत न टाकणाऱ्यांपैकी होता.

त्यात वीज. ते दिवस भारनियमनाचे. दिवे गेले की यूपीएस टीं-टीं करायला लागायचा, सर आतून ओरडायचे, ‘बंद करा रे, बॅटरी जाईल!’ आणि आम्ही पळता-पळता शेवटचा एक धोंडा ओलांडायच्या नादात सगळं घालवून बसायचो. तो मात्र पहिल्या टींला खेळ साठवून उठायचा, दप्तर घ्यायचा आणि स्टँडकडे चालू लागायचा. मग पुढच्या वेळी तिथूनच. मासिकातल्या त्या अर्धवट सीडीतला शेवटचा टप्पा आमच्यात सगळ्यात आधी त्यानं पार केला. दहा-दहा मिनिटं करून.

ससा आणि कासवाची ती गोष्ट इसापनं सांगितली तशी माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा घडली, तीही सशाच्याच खेळात. एपिकनं कासवाला खलनायक केलं, सशाला बंदूक दिली, तीन हजार वर्षांचा बदला मांडला, आणि खेळाच्या पातळ्या, म्हणजे टप्पे, मात्र अशा बांधल्या की खेळताना कासवासारखा खेळेल तोच पुरा खेळ बघेल. त्यांनी हे जाणूनबुजून केलं का, याची मला शंका आहे. ब्लेझिन्स्कीच्या डोक्यात वेग होता. पण खेळ बनवणाऱ्याच्या डोक्यातलं काही उरतं, काही सांडतं. हिर्डोशीचा तो मुलगा त्या सांडलेल्यावर जगला.

आता माझी फजिती. दुसऱ्या भागाच्या पुऱ्या सीडीसोबत जॅझ क्रिएशन स्टेशन नावाचं एक साधन येतं, त्यात आपल्याला हवी ती पातळी बांधता येते. पुण्याहून कुणाची तरी सीडी महिनाभर उसनी मिळाली आणि मी ठरवलं, राजगड बांधायचा. पडदा बत्तीस ठिपक्यांच्या चौकोनी फरशांचा. फरशा उचलायच्या आणि शेजारी-शेजारी चिकटवायच्या, दिवाळीच्या किल्ल्याइतकं सोपं. किल्ल्याच्या फरशा त्यात तयार होत्या, कारण खेळाची सुरुवातच एका किल्ल्याच्या तळघरातून होते. पण तो किल्ला युरोपातला: घडीव चिरे, पलिते, लोखंडी साखळ्या. काळा, ओबडधोबड, पावसानं शेवाळलेला सह्याद्रीचा कातळ त्यात कुठून येणार? तरी मी नेटानं चोर दरवाजा केला, पद्मावतीचं तळं केलं, संजीवनीच्या दुहेरी तटात चोरजिना लपवून त्याच्या तळाशी गाजरं ठेवली. बालेकिल्ला उंच हवा म्हणून हातचं न राखता उंच केला. आणि मग जॅझला सोडलं. जॅझ पद्मावतीवर आला, बालेकिल्ल्याखाली उभा राहिला, उडी मारली, खाली आला. पुन्हा उडी, पुन्हा खाली. त्याची उडी किती फरशांची हे मी मोजलंच नव्हतं. वर्गातली पोरं पोट धरून हसली. हिर्डोशीचा तेवढा हसला नाही. म्हणाला, ‘मधे एक खोबण ठेव, खऱ्या गडावर आहेत तशा.’ खोबण ठेवायच्या आत सीडी परत द्यावी लागली.

हे सगळं बालपणाच्या लाडापोटी लिहिलं असं कुणी म्हणेल. पण या सशाचे पाय पुढं बरेच लांब गेले. एपिक मेगागेम्सची १९९९ साली नुसती एपिक गेम्स झाली. जॅझचा दुसरा भाग आला त्याच साली, १९९८ साली, त्यांचा ‘अनरियल’ आला, त्यातही ब्लेझिन्स्की होता, आणि त्या खेळाखालचं इंजिन कंपनीनं इतरांना वापरायला द्यायला सुरुवात केली. इंजिन म्हणजे खेळाचं चुलाण: उजेड कसा पडावा, उडी मारल्यावर माणूस खाली कसा यावा, हे सगळं आधीच बांधलेलं, वर तुम्ही काय शिजवता ते तुमचं. आर्यन ब्रुसीनं पुढं नेदरलँड्समधे गुरिला हा स्टुडिओ उभा करायला हात लावला. सशाचा तिसरा भाग मात्र अर्ध्यात बंद पडला. आणि भोरहून दीड तासावर, पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ काढला, तो याच अनरियल इंजिनावर. त्यात एक डोंबाऱ्याचा खेळ करणारी मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते, भिंतींवरून पळते, खांबांवरून उड्या मारते. पुन्हा पळवलेलं माणूस, पुन्हा शोध, पुन्हा उड्या. लोकांकडून वर्गणी गोळा करायचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. तरी खेळ पुरा झाला आणि जगभर खेळला गेला. पुण्यातल्या या खेळाचं बीज शोधत मागं गेलं तर वाटेत कुठंतरी हा हिरवा ससा भेटतो, असं म्हणायला माझी तरी जीभ अडखळत नाही.

राजीत देवळं आहेत, हवेल्या आहेत, राजस्थानचा उजेड आहे. सह्याद्रीचा कातळ तिथंही नाही. तो कुणीतरी करायचा राहिला आहे. करणाऱ्यानं कृपा करून उडी आधी मोजावी.

पुढच्या पानांत दोन्ही भागांची ग्रहवार ओळख आहे: कुठं काय लपलंय, कोणतं हत्यार कशाला चालतं, बेडूक झालेल्या जॅझला पुन्हा ससा कसा करायचा. (उत्तर: ईव्हाचा मुका. आमच्या सायबरमधे हा प्रसंग आला की सगळे उगाच खोकायचे.) लपलेल्या भिंती सांगाव्यात की नाही यावर लिहिणाऱ्यांमधे वाद झाला आणि त्यांनी निम्म्या सांगून निम्म्या ठेवल्या, मला विचारलं असतं तर मी एकही सांगू दिली नसती. ज्यांना आजच्या खेळांच्या मानानं ही चित्रं गरीब वाटतील त्यांनी पहिली दहा मिनिटं आवाज मोठा करून खेळावं. संगीत अजून तितकंच ताजं आहे.

खेळ मिळवायला आता मासिकाच्या सीडीची वाट बघावी लागत नाही. २०१७ पासून दोन्ही भाग जीओजी या संकेतस्थळावर विकत मिळतात आणि घरातल्या साध्या संगणकावरही चालतात. सुरुवात दुसऱ्या भागापासून करा. दोघं असाल तर पडदा मधोमध वाटून एकाच कीबोर्डवर खेळता येतं. फक्त जॅझ कोण आणि त्याचा भाऊ स्पॅझ कोण, हे बसण्याआधी ठरवून घ्या.